मंडळी मागून येतायत

डोंगराच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! अख्खी नोकरी साजगावच्या कारखान्यात बॉयलरसमोर काढली, पण सुट्टी आली की मी कुठल्यातरी डोंगराच्या सोंडेवर. कर्जत-खालापूर पट्ट्यात मी न चढलेली टेकडी असेलच, तर ती कालपरवा उगवलेली असणार. म्हणून दिवाळी सरल्यावर मी फॅमिली ग्रुपवर जाहीर करून टाकलं, 'येत्या रविवारी बेलडोंगर! सोपी चढण, लहान मुलंसुद्धा नाचत चढतील. वरून धरणाचं पाणी, पाताळगंगा, सगळं एका नजरेत. सगळ्यांनी यायचंच! बाबा.'

सगळ्यांनी म्हणजे मुलगा केतन, सून पौर्णिमा, त्यांची सम्यक आणि मैत्री ही दोन पोरं, मुलगी रूपा आणि जावई राकेश. चंद्रभागा, म्हणजे माझी बायको, मागच्या साली गेली. ग्रुपमध्ये तिचा नंबर अजून आहे. तो काढायचा कोणी, हे ठरलेलं नाही.

ग्रुपवर धडाधड अंगठे आले! मी तडक खोपोलीच्या बाजारात जाऊन भगभगीत नारिंगी टोप्या घेतल्या, गर्दीत आपली माणसं ओळखू यावीत म्हणून. दुकानदार म्हणाला, "किती?" मी म्हणालो, "आठ." घरी आल्यावर एक जास्तीची निघाली. सवय, दुसरं काय!

डोंगर हे निमित्त होतं, खरं सांगतो. मला वर गोल बसून सगळ्यांबरोबर जेवायचं होतं. हल्ली मी टीव्हीसमोर जेवतो. परवा बातम्या देणाऱ्या बाईंना मी "घ्या ना थोडं" म्हणालो. त्यांनी घेतलं नाही.

शनिवारी संध्याकाळी एकेक विकेट पडायला लागली. केतनला ऑफिसचं काम निघालं. रूपाकडे पाहुणे टपकले. राकेशची पाठ धरली, आणि ती नेमकी सोमवारी सुटणार होती! वर केतनचा सल्ला, "बाबा, तुम्ही एखादा सीनियर लोकांचा ग्रुप का नाही जॉईन करत?"

मी म्हणालो, "बघतो." आणि रविवारी सकाळी आठ टोप्या पिशवीत कोंबून एकटाच निघालो.

बेलडोंगराच्या पायथ्याशी बेलवाडी आहे, ठाकर आदिवासींची. पायवाटेवर बांबू आडवा टाकलेला आणि बांबूपाशी वाडीतली वनिता बसलेली. मागच्या पावसाळ्यात एक एकटा पर्यटक वर हरवला होता. अख्खी वाडी कामधंदा सोडून त्याच्यासाठी रानभर हिंडली, आणि तो भलतीकडून उतरून घरी जाऊन झोपला होता! तेव्हापासून वाडीचा नियम आहे, एकट्याला वर सोडायचं नाही. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचारायचं, म्हणजे हरवला तर हाका मारता येतात. वनिता लिहीत बसत नाही. सगळी नावं तोंडपाठ करते.

"काका, किती मानसं?"

आता 'एक' म्हणायला काही गळ्याला ताण पडत नाही. पण तिनं विचारलं आणि माझा हात पिशवीतल्या टोप्यांवर गेला. म्हणालो, "आठ!"

वनितानं माझ्या मागे पाहिलं. मागे एक शेळी होती.

"कुटं हायत?"

"मागून येतायत! म्हणजे, गाडी त्यांनी धरणाकडे लावलीय. तिकडच्या वाटेनं चढतायत. वर भेटायचं ठरलंय आमचं."

"धरनाच्या अंगानं?" वनिता ताडकन उभी राहिली. "काका, ती वाट पावसात तुटलीय! खाली सरळ घळ हाय!"

"आमचा केतन आहे ना बरोबर! वाघ आहे वाघ!"

हा वाघ लिफ्ट बंद पडली की लाईट येईपर्यंत पार्किंगमध्ये बसून राहतो. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"नावं सांगा."

मी घडाघडा सांगितली. स्वतःचं धरून सात झाली. वनितानं बोटं मोजली. "आटवं?"

"चंद्रभागा," माझ्या तोंडून निघून गेलं.

वनितानं डोळे मिटून सगळी नावं एकदा पुटपुटली. मग म्हणाली, "जेवनार ना मंडळी? आटांचं टाकते. तांदळाची भाकर नि गावठी कोंबडा."

नाही म्हणायचं होतं हो! पण आठ जणांना घेऊन आलेला माणूस जेवायला नाही कसा म्हणेल? "जेवणार तर!" म्हणालो आणि बांबूखालून वाकून सटकलो.

वर पोचलो तेव्हा वारा सुटला होता. खाली धरणाचं पाणी, पलीकडे पाताळगंगेचा पट्टा, लांब रसायनीची धुराडी. बघायला सगळं होतं, दाखवायला कोणी नव्हतं. मला फार एकटं वाटलं. मग मी काय केलं ते सांगतो, हसायचं असेल तर हसा. मी धोंडे गोळा केले, गोल मांडले आणि प्रत्येकावर एकेक टोपी चढवली. मधे डबा उघडला. "राकेश, सरक जरा. पाठीला टेकायला हवं का? मैत्री, कड्यावर जायचं नाही!" एक धोंडा नीट बसेना, सारखा माझ्याकडे कलायचा. त्याला मी चंद्रभागेची टोपी घातली.

लांबून, पाठमोरा असा एक फोटो काढला. उन्हाच्या तिरिपीत टोप्याच तेवढ्या दिसत होत्या. ग्रुपवर टाकला, 'पोचलो!' आणि डब्यातला पहिला घास घेतोय तोच वाऱ्याचा एक झोत असा आला, की निम्मं कुटुंब कड्यावरून खाली उडालं!

मी उरलेल्या टोप्या धरायला धावतोय, तेवढ्यात खालून, धरणाच्या अंगानं, हाक आली.

"ए केतऽऽन!"

मी जागच्या जागी उभा राहिलो.

"पौर्णिमाऽऽ! ए रूपाऽऽ!"

आले! अहो, आले सगळे! मला चकित करायला मुद्दाम नाही म्हणाले लबाड! फोटो बघून आता एकमेकांना हाका मारत सुटलेत! मी "आलो रे, आलो! इकडे, इकडे!" ओरडत त्या अंगानं खाली पळत सुटलो. वाळलेल्या गवतावरून पाय घसरला आणि पुढची उतरण मी बसून केली. पँटीची शिवण गेली, डबा गेला, पण माझं तोंड हसतच होतं. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

आणि मग अगदी जवळून, एका बाईच्या आवाजात हाक आली, "चंद्रभागाऽऽ! ओ चंद्रभागाबायऽऽ!"

तिथेच माझे पाय थांबले. ती तर येऊ शकत नव्हती. म्हणजे हे हाका मारणारे आपले कोणी नव्हते. मी होतो तिथेच गवतात बसून राहिलो.

समोरच्या कारवीच्या झुडपांतून वनिता बाहेर आली. मागून वाडीचा पुढारी चांगो, मागून नागू, मागून अर्धी वाडी. मी गेल्यावर वनिताला राहवलं नव्हतं. तुटलेल्या वाटेवर माणसं अडकली असणार म्हणून तिनं सगळ्यांना उठवलं होतं. नागूच्या हातात नारिंगी टोप्या होत्या.

"घळीत गावल्या!" नागू त्या पुढे करत म्हणाला. "टोप्याच हायत, मानूस नाय!"

म्हातारी बुधी डोक्याला हात लावून खाली बसली. "पोरं लहान व्हती का रं बाबा?" असं म्हणून तिनं असा गळा काढला, की मलाही रडू आलं. ते पाहून बाकीच्यांची खात्रीच पटली! चांगो ओरडला, "खोपोलीच्या दोरवाल्या पोरांना फोन केलाय, निघालीत! काका, धीर धर!"

"थांबा! थांबा हो!" मी हात जोडले. "कोणी पडलेलं नाही. कोणी आलेलंच नाही! मी एकटाच आहे."

"न् टोप्या?"

"धोंड्यांना घातल्या होत्या."

नागूनं हातातल्या टोप्या उलटसुलट करून पाहिल्या. मग चांगोनं खालच्या आवाजात विचारलं, "तुजी बाय? चंद्रभागा?"

"ती वारली. मागच्या साली."

चांगोनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आरं मंग तिला कशाला हाका मारायला लावल्या आमाला! घसा बसला बुधीचा!"

 तेवढ्यात वनिता म्हणाली, "जाऊ दे रं. हाक मारली म्हनून काय बिघडलं."

वाडीत उतरलो तर खोपोलीच्या बचाव पथकाची पोरं दोरखंड, हेल्मेट, स्ट्रेचर घेऊन हजर! त्यांच्यासमोर सगळी हकीकत पुन्हा सांगावी लागली. मधे मधे बुधी दुरुस्त्या करत होती. पोरं चिडली, मग हसली, मग एकानं स्ट्रेचर माझ्याकडे सरकवून "काका, शिवण झाका," असं सांगितलं. आठांचं जेवण तयारच होतं. चांगो, नागू, बुधी, दोरवाली पोरं, सगळे गोल बसले. मला कोणी बस म्हणालं नाही, पण वनितानं माझ्यापुढे भाकरी ठेवली. घरी रोज जेवतो त्याच्या दुप्पट जेवलो आणि दर घासाला शिव्या खाल्ल्या.

घरी येऊन ग्रुप पाहिला. केतननं लिहिलं होतं, 'वा बाबा! लगेच सीनियर लोकांचा ग्रुप जॉईन केलात! टोप्या भारी!' रूपाचं खाली, 'खूप बरं वाटलं बाबा. आता आमची काळजी मिटली.' राकेशनं पाठ दुखत असूनही दोन अंगठे टाकले होते.

मी सगळं खरं लिहायला घेतलं. मग पुसलं आणि मीही एक अंगठा टाकला. त्यांची काळजी मिटली ती मिटलीच. पुढच्या रविवारी कोण येणार, असं कोणी विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बेलवाडीत. शिवण घातलेली पँट, डोक्यावर टोपी.

"किती मानसं?" वनितानं विचारलं. चेहरा कोरा.

मी एक बोट वर केलं. "एक."

वनितानं मान वळवून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "चांगोदादाऽऽ! काका आलाय! एकच हाय! शोधाया जायाचं नाय!"

घराघरातून हसण्याचा आवाज आला. मी मान खाली घालून बांबूखालून वाकलो, तर तिनं बांबू दाबूनच धरला.

"एकट्याला सोडत नाय, काका. नियम तो नियम."

"अगं, खरं बोललो तर ही शिक्षा?"

"बसा त्या बाजेवर. कोनची फॅमिली आली का तुमाला तिच्यात घालते."

बसलो. दुसरं काय करणार? मंडळी मागून येतच असतील. कुणाची, तेवढंच ठरायचं आहे.