वाट बघणं कामात धरत नाहीत

घरातले दिवे आपोआप बंद व्हावेत, एवढंच त्याच्या मनात होतं. पण ज्याचं पोटच वस्तूंना झोपवण्यावर चालतं, त्याने एवढ्यावर थांबावं अशी अपेक्षा करणंच चूक.

तो कर्नेल लिहायचा. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला मुकादम. कोणत्या भागाने जागं राहायचं, कोणी डुलकी काढायची आणि कोणाची वीज तोडून त्याला गाढ झोपवायचं, हे तो मुकादम ठरवतो. आणि मुकादमाला अक्कल शिकवायचं काम याच्याकडे होतं. ऑफिसात सगळे त्याला 'अंगाई' म्हणत. (अंगाईला स्वतःला मात्र बायको गेल्यापासून धड झोप लागत नव्हती. ऑफिसात हे कोणाला ठाऊक नव्हतं.)

बायको पुलांची इंजिनिअर. लांब डोंगरात एका नदीवर पूल बांधायला गेली होती. घरात उरले हा आणि सासूबाई. दोघांचं काही वाकडं नव्हतं, पण दोघांना बोलायला विषय एकच होता आणि तो पूल बांधायला गेला होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिचा साइटवरून फोन यायचा. यांचं घर तळमजल्यावर, तिथे मोबाईलला रेंज नाही. फोन यायचा तो घरच्या इंटरनेटवरून. सासूबाई आधी पोटभर बोलून घेत. मग फोन जावयाच्या हातात येई. ती विचारी, जेवलास का. हा म्हणे, जेवलो. तोवर साइटवर फोनसाठी रांग लागलेली असे आणि ती ठेवून देई. मग उरलेला आठवडा हा त्या 'जेवलास का'वर काढत असे.

मागच्या फोनवर ती म्हणाली की कंपनी आणखी वर्षभर थांबा म्हणतेय. पुढच्या सुट्टीला फोन करीन, तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा, त्याच दिवशी मला साहेबांना कळवायचंय.

त्याचं म्हणणं दोन शब्दांचं होतं: परत ये. पण ते दोन शब्द त्याच्या घशातून बाहेर यायला तयार नव्हते. आठवडाभर त्याने न्हाणीघरात नळ सोडून तालीम केली. तोंडून दर वेळी निघायचं, "तुझ्या करिअरच्या दृष्टीने विचार कर." मग तो स्वतःवरच चिडून डोक्यावर आणखी एक तांब्या ओतून घ्यायचा.

हे काही जमत नाही म्हटल्यावर, निदान घर कसं शहाण्यासारखं चाललंय ते तरी तिला सांगावं, असं त्याने ठरवलं. तो दिवे उघडे टाकतो ही तिची जुनी तक्रार. त्याने खोल्यांत माणसाची हालचाल ओळखणारे डोळे बसवले, एका छोट्या बोर्डावर प्रोग्रॅम लिहिला आणि फ्रिज सोडून घरातल्या यच्चयावत वस्तू त्याच्या ताब्यात दिल्या. हालचाल नाही, वापर नाही, की वस्तू झोपणार. कोणी हललं की सगळ्या उठणार.

सासूबाईंना त्याने नियमही समजावून सांगितला. एका वस्तूच्या जिवावर दुसरी चालत असेल, तर पहिली तिची आई. मुलं झोपल्याशिवाय आईने झोपायचं नाही, आणि उठताना आईने सगळ्यांच्या आधी उठायचं.

"आणि हे शोधून काढायचा तुम्हाला पगार मिळतो?" सासूबाईंनी विचारलं.

तो दिवस उजाडला. सासूबाई ठेवणीतलं पातळ नेसून बसल्या (फोनवर दिसणार काही नव्हतं, पण तो मुद्दा काढायची त्याची छाती झाली नाही). फोन टेबलावर, रुमालाची घडी करून तिच्यावर ठेवला. त्याला हात लावायचा नाही, उगाच तो गुंतलेला राहील, असा सासूबाईंचा हुकूम होता. दोघं समोरासमोर बसली आणि वाट बघू लागली.

आता वाट बघणारं माणूस हलत नाही. त्यातून ही दोघं तर श्वासही बेताने घेत होती. बाहेर रिक्षा थांबली तरी मान वळेना. प्रोग्रॅमने पाहिलं, घरात हालचाल शून्य. त्याने आधी आतल्या खोलीतला दिवा झोपवला. मग रेडिओ. मग दारावरची घंटा. मुलं निजली म्हटल्यावर कपाटामागे बसलेलं इंटरनेटचं खोकं, म्हणजे सगळ्यांची आई, तीही निजली. दोघांचं सगळं लक्ष फोनवर, त्यांना पत्ताच नाही. हाक जिच्या कानावर पडते तिला कधी झोपवायचं नसतं, हे अंगाई ऑफिसात नव्या पोरांना बजावून सांगायचा. घरी मात्र विसरला. वाट बघणं हेसुद्धा एक काम असतं, हे त्याने प्रोग्रॅमला सांगितलंच नव्हतं.

फोनची वेळ झाली. वेळ टळून गेली. फोन गप्पच होता.

तिला थांबायचंच असणार, म्हणून तिच्याच्याने सांगवत नसेल, असं सासूबाईंच्या मनात आलं. त्याच्याही मनात नेमकं तेच आलं. दोघांनी एकमेकांपासून ते लपवलं आणि दोघांच्याही तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "राहायचं असेल तर राहू द्या तिला. शिकलेली पोर आहे. आपण दोघं आहोत की एकमेकांना."

"आई," तो म्हणाला, "मला नाही हो करमत. उशीवरून तिच्या केसांचा वास गेला म्हणून मी अभ्रा धुवायला टाकला, आणि मग वाटलं, थोडा राहिला असेल तर तोही गेला."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्या हालचालीने घर खडबडून जागं झालं. दिवे लागले, पंखा फिरला, रेडिओ मोठ्याने बातम्या सांगू लागला, आणि त्याच वेळी दारावर धक्के बसू लागले.

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई हातमोजे घालून कोपराने दार वाजवत होत्या. घंटा किती वेळची दाबतेय, म्हणाल्या. यांच्या घरी लागत नाही म्हणून साइटवरून फोन त्यांच्या दवाखान्यात आला होता.

तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावला. दवाखान्यात खुर्चीवर एक गृहस्थ आ करून पडले होते, बाकावर दोघं-तिघं सुजलेले गाल धरून बसली होती. मागून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र सुरू केलं, याने रिसीव्हर उचलला. पळून दम लागला होता, त्यामुळे करिअर वगैरे शब्द आठवायला सवड मिळाली नाही.

"परत ये," तो म्हणाला. "थांबू नकोस. पूल होईल गं कोणीही बांधला तरी. मी रोज दोन कप चहा करतो आणि दुसरा ओतून देतो. तू 'जेवलास का' विचारतेस ना, मी जेवलेलो नसतो. मला तुझी फार आठवण येते. ये तू."

बाकावरच्या बाईंनी गाल सोडून डोळे टिपले. पलीकडे पेन कागदावर खरडल्याचा आवाज आला.

"साहेब," मग एक पुरुषी आवाज आला, "मी साइटवरचा स्टोअरकीपर बोलतोय."

त्याने डोळे मिटले.

"मॅडम सामान बांधायला गेल्यात. निरोप द्यायला सांगितलंय. घरी फोन लागला असता, तुम्ही सगळं ठीक आहे म्हणाला असतात, तर थांबणारच होत्या त्या. पण ज्या माणसाला घरातला एक फोन जागा ठेवता येत नाही, त्याच्या भरवशावर आईला आणखी वर्षभर ठेवता येणार नाही, असं म्हणाल्या. साहेबांना कळवून टाकलंय. उद्याच्या गाडीने निघतायत."

"येतेय?" तो म्हणाला. "नक्की येतेय?"

"नक्की. आणि साहेब, तुम्ही आत्ता जे बोललात, ते त्यांना सांगायचं ना? मी लिहून घेतोय, पण चहाच्या पुढचं नीट ऐकू आलं नाही. परत सांगता?"

सासूबाई धापा टाकत त्याच्या मागोमागच वर पोचल्या होत्या. त्यांनी रिसीव्हरला कान लावून सगळं ऐकलं होतं, आता त्यांनी बाकावर जागा करून घेतली.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "आणि जरा मोठ्याने. खुर्चीवरच्यांना मघाशी यंत्राच्या आवाजात काही कळलं नाही."