नाक्यावरचा डहाळा

रविवारी सकाळी दहा वाजता डॉ. रादोवान श्वारा शिडीवरून खाली उतरले, तेव्हा घराची दर्शनी भिंत मोकळी झाली होती आणि अंगणात आयव्हीच्या वेलीचा कमरेएवढा ढीग पडला होता. दोन वर्षे कोणी हात न लावल्यामुळे त्या वेलीने खिडक्या गिळल्या होत्या आणि आता दार गिळायला घेतले होते. अकरा वाजता त्रिएस्तेहून सिन्योर एन्नियो घर बघायला येणार होते. गिऱ्हाइकाच्या नजरेत पहिली भरते ती भिंत, असे श्वारांचे मत होते.

आणि श्वारांचे मत म्हणजे काही असेतसे मत नव्हते. वीस वर्षे त्यांनी ल्युब्ल्यानाच्या सरकारी कचेरीत बसून छोट्या धंद्यांची धोरणे लिहिली होती आणि पुढची अकरा वर्षे एका कॉलेजात उद्योजकता शिकवली होती. गिऱ्हाईक कसे जोडावे, मालाला भाव कसा मिळवावा, यावर ते न थांबता तीन तास बोलू शकत. स्वतः मात्र त्यांनी जन्मात कोणाला एक पेन्सिलसुद्धा विकली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातली गत. आज पहिल्यांदाच ते काहीतरी विकायला निघाले होते, आणि तेही एकदम घर.

घर बायकोच्या, नाद्याच्या मावशीचे. क्रासच्या पठारावरच्या या गावात नाद्याच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या होत्या. मिल्कामावशी दोन वर्षांपूर्वी वारली आणि दगडी घर, विहीर, अंगणातली तुती आणि मागचा द्राक्षमळा भाचीला ठेवून गेली. श्वारांनी दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून हे घर म्हणजे निजलेले भांडवल आहे, असे सिद्ध केले होते. नाद्या एवढेच म्हणाली होती, "तू म्हणशील तसं." एकतीस वर्षे संसार केलेल्या माणसाला त्या तीन शब्दांतला सूर कळायला हरकत नव्हती. पण श्वारा त्या वेळी कागदाची घडी घालत होते.

तेवढ्यात सिन्योर एन्नियोंचा फोन आला. गावातले रस्ते एकसारखे दिसतात, वळण चुकू नये म्हणून नाक्यावर काही खूण कराल का? "अवश्य!" म्हणून श्वारांनी एक फळी घेतली, तिचा बाण कापला, लाल रंगाने रंगवला आणि नाक्यावरच्या खांबाशी गेले. तिथे कळले की तार घरीच राहिली. परत कोण जाणार? बाहीला आयव्हीची एक लांब, पानांनी भरलेली वेल अडकून आली होती. तिनेच त्यांनी बाण खांबाला करकचून बांधला. उरलेला पाला छान गुच्छासारखा वर राहिला. दोन पावले मागे सरून बघितले, तर काम सुबक झाले होते.

साडेदहाला दोन सायकलवाले दारात उभे राहिले. एक जाडजूड, एक लुकडा, दोघेही घामाने निथळत होते.

"इथंच ना?" जाड्याने विचारले.

"इथंच, इथंच! लवकर आलात. या की आत!" श्वारांना वाटले, एन्नियोंनी मुलांना पुढे पाठवले असणार. त्यांनी दोघांना स्वयंपाकघर दाखवले, चूल दाखवली, माडी दाखवली. दोघे टोपी हातात घेऊन निमूटपणे मागे फिरत होते.

"हे काय, सगळं घर दाखवता तुम्ही?" लुकड्याने विचारले.

"लपवायचं कशाला? पारदर्शक व्यवहार!"

"झकास. पण तळघर कुठाय?"

"हं! जाणकार दिसता!" श्वारांनी तळघर उघडले. मावशीच्या शेवटच्या हंगामातल्या तेरान वाइनच्या काळ्याशार बाटल्या भिंतीशी ओळीने पडून होत्या. दोघांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की श्वारांना सौदा झाल्यातच जमा वाटला. "आम्ही तुतीखाली बसतो," म्हणून दोघे बाहेर गेले.

बाहेर एक आजीबाई बाक पुसत होत्या. त्यांच्याबरोबर मुलगा, सून आणि दोन नातवंडे होती. मागोमाग पोस्तोयना गावाहून एक गाडी आली, तिच्यातून सहा जण उतरले. मग अल्बिन नावाचे, ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ पोटावर अकॉर्डियन घेऊन आले आणि विचारपूस न करता विहिरीच्या कठड्यावर बसले. सव्वाअकरापर्यंत अंगणात तीस माणसे झाली. सगळी खुशीत होती आणि सगळी श्वारांकडे बघत होती.

श्वारा धावत मागच्या खोलीत गेले. नाद्या मावशीचे ग्लास एकेक करून कागदात गुंडाळून खोक्यात भरत होती. तिचे डोळे लाल होते. श्वारांना वाटले, धुळीने.

"नाद्या, तीस जण आलेत घर बघायला! याला म्हणतात मागणी! मी किंमत वाढवतो."

"तीस? रादो, या गावात अख्ख्या वर्षात तीस माणसं घर बघायला येत नाहीत."

"जाहिरातीतला मजकूर मी लिहिला होता," श्वारा विनयाने म्हणाले.

नाद्या हात पुसत बाहेर आली, तेव्हा आजीबाई म्हणत होत्या, "बाई गं, आम्हाला सात उकडलेली अंडी आणि एक ताट प्रशुत, हॅम पातळ कापा हं. पोरांना रस चालेल."

"आणि आम्हाला लाल. एक लिटर," पोस्तोयनावाले म्हणाले.

"आजी, तुम्ही घर बघायला आलात ना?" श्वारांनी विचारले.

"घर? मला काय करायचंय तुमचं घर बघून? माझं आहे की."

अल्बिननी अकॉर्डियन मांडीवर ठेवले. "हे बघा मालक, नाक्यावर डहाळा आहे. बाण आहे. बाण इकडं दाखवतोय. आणि इकडं वाइन नाही? माझ्या ऐंशी वर्षांत क्रासमध्ये असा अन्याय झाला नाही!"

श्वारांच्या तोंडचे पाणी पळाले. या पठारावर जुनी रीत आहे. शेतकऱ्याने घरची वाइन आणि घरचे खाणे आपल्याच अंगणात वर्षातले मोजके दिवस विकायचे आणि नाक्यावर आयव्हीचा डहाळा व बाण लावून तसे जाहीर करायचे. तिला ओस्मिका म्हणतात. डहाळा दिसला की इथल्या माणसाची गाडी आपोआप वळते. हे काही श्वारांना ठाऊक नव्हते अशातला भाग नाही. ओस्मिकांवर सरकारला सादर केलेला चाळीस पानी अहवाल त्यांनीच लिहिला होता, आणि त्यात डहाळ्यावर स्वतंत्र प्रकरण होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

"आता काय करू?" ते नाद्याच्या कानाशी पुटपुटले. "परवान्याशिवाय एक थेंब विकला तर गुन्हा आहे. कलमसुद्धा माझंच आहे!"

नाद्याने अंगणाकडे बघितले. नातवंडे तुतीवर चढली होती. मावशी असताना ती स्वतः चढायची, त्याच फांदीवर. तिला एकदम हसू फुटले, आणि ते आवरेना.

"विकायचं कोण म्हणतंय? पाहुणे आलेत दारात. ओत की!"

"कोण, मी?"

"नाही, ती शिडी ओतेल. जा, बाटल्या आण."

भरलेली खोकी पुन्हा उघडली. श्वारांनी पहिला ग्लास भरला तो निम्मा आजीबाईंच्या झग्यावर. "अहो, बाटली कलवा, मान नका कलवू," जाड्या सायकलवाल्याने धडा दिला. दुसरा ग्लास बरा भरला. दहाव्याला हात बसला. अल्बिननी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही मिल्काची. ती नेहमी बाकीच्यांपेक्षा आठ दिवस उशिरा द्राक्षं काढायची. सगळे हसायचे तिला, आणि मग सगळे इथंच प्यायला यायचे."

श्वारा बाटली हातात धरून ऐकत राहिले. गिऱ्हाइकाचे समाधान या विषयावर त्यांनी कित्येक परीक्षांचे पेपर काढले होते, पण समाधान झालेला माणूस इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यांना फार बरे वाटले, आणि आपल्याला फार बरे वाटते आहे याचे त्यांना नवल वाटले. ते टेबलाटेबलांशी जाऊ लागले. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची मुलगी नॉर्वेत आहे, सगळे ऐकू लागले.

साडेबाराला फाटक धाडकन उघडले. शेजारच्या युस्तिनाबाई दारात उभ्या होत्या, कमरेला एप्रन आणि हातात पाव कापायची सुरी तशीच.

"डॉक्टर!"

अकॉर्डियन बंद पडले.

"वर्षातून दहा दिवस मिळतात मला, दहा! आज पहिला रविवार. मी पहाटे चारला उठून चाळीस पाव भाजलेत, दोनशे अंडी उकडलीत. आणि तुम्ही माझ्या डहाळ्याच्या अलीकडं तुमचा डहाळा लावता? शेजारी म्हणवता स्वतःला?"

"युस्तिनाबाई, शपथेवर सांगतो, माझ्याजवळ तार नव्हती..."

"तार नव्हती! ऐका हो! सकाळपासून माझ्याकडं एक गिऱ्हाईक आलंय. एक! आणि ते तरी तुमचंच. घर शोधत होता बिचारा. डहाळा बघून म्हणाला, हे घर नसणार, ही ओस्मिका आहे, म्हणून पुढं माझ्याकडं आला पत्ता विचारायला. दीड तास झाला, उठतच नाही."

त्यांच्या मागून एक गोल चेहऱ्याचे, तृप्त गृहस्थ आत आले. गळ्यात रुमाल तसाच बांधलेला होता. "एन्नियो," त्यांनी ओळख करून दिली आणि प्रशुतचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

श्वारा मात्र युस्तिनाबाईंकडेच बघत होते. अडुसष्ट वर्षांची एकटी बाई, पहाटे चारपासून उभी, आणि तिचा रविवार आपण गिळला. त्यांना मनापासून लाज वाटली. ते विहिरीच्या कठड्यावर चढले.

"मित्रहो! इथे झालेला प्रकार माझ्या चुकीमुळे झाला. खरी ओस्मिका शेजारी आहे. आपण कृपया तिकडे प्रस्थान करावं."

कोणी हलले नाही. सावली दाट होती आणि वाइन फुकट. "आम्हाला इथंच बरं वाटतंय," पोस्तोयनावाले म्हणाले.

"असं भाषण केलंत तर संध्याकाळपर्यंत बसतील," नाद्या म्हणाली आणि नुसती ओरडली, "खायला तिकडंच आहे हो! इथं काही मिळणार नाही!"

तासभर उपाशीपोटी पीत बसलेली माणसे एका दमात उठली. अल्बिन अकॉर्डियन वाजवत पुढे, मागे आजीबाई, सायकली, नातवंडे. युस्तिनाबाई वरातीला वाट देत फाटकाशी उभ्या राहिल्या. राग निवळला होता, पण हिशेब संपला नव्हता. "डॉक्टर, तासाभरात या. ग्लास घासायला माणूस नाही माझ्याकडं."

अंगण रिकामे झाले. एन्नियो तुतीखाली ऐसपैस बसले.

"मी घर आतून बघत पण नाही," ते म्हणाले. "शेजारी अशी बाई आणि असा पाव असेल तर घराला काय बघायचं? तुम्ही सांगितलेली किंमत कबूल."

श्वारांनी या क्षणासाठी भाषण तयार केले होते. ते आठवेना. तोंडातून भलतेच निघाले, "त्यात विहीर धरली नव्हती. दहा हजार युरो जास्त पडतील."

"चालेल."

"तुती दीडशे वर्षांची आहे. तिचे वीस."

"झाड छानच आहे. चालेल."

श्वारांना घाम फुटला. किंमत वाढवली की मागणी घटते, हे त्यांनी अकरा वर्षे फळ्यावर काढून दाखवले होते. "बुर्या वारा सुटला की छपराची कौलं उडतात," ते काकुळतीला येऊन म्हणाले.

"युस्तिनाबाईंनी सांगितलं मला. चालेल."

"तळघरात ओल आहे! गटार तुंबतं! आणि ते अल्बिन दर रविवारी अकॉर्डियन वाजवतात!"

"सुंदर वाजवतात हो," एन्नियो म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही विकताय की मला हाकलताय?"

श्वारा खाली बसले.

"मला हे घर विकायचं नाही," ते शेवटी म्हणाले. "सकाळी विकायचं होतं. आता नाही. मला मागचा मळा छाटायचा आहे. छाटतात कसा ते मला माहीत नाही, पण कोणीतरी शिकवेल. तुम्हाला इतक्या लांबून बोलावलं, माफ करा."

एन्नियोंनी त्यांच्याकडे पाहिले, मग रिकाम्या ग्लासांकडे पाहिले. "मी दुकानदार आहे, पस्तीस वर्षं," ते उठता उठता म्हणाले. "इतका भाव मिळत असताना पळ काढणारा विक्रेता पहिल्यांदाच बघतोय. मळ्यातली पहिली बाटली मला द्या. आता मी चाललो, तिकडं भट्टीतून सफरचंदाचा श्त्रुदेल निघाला असेल."

ते गेले. श्वारा आत येऊन बसले आणि त्यांनी चोरट्या नजरेने नाद्याकडे पाहिले. ती अंगणाकडच्या उघड्या खिडकीशी खोक्यातले राहिलेले ग्लास बाहेर काढून कपाटात परत लावत होती, अगदी शांतपणे.

"तुला विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले. "सहीची वेळ आली असती तर मग कठीण झालं असतं."

"सही कोणाची?"

"विक्रीच्या कागदावर. मालकाची."

"मालक कोण?"

मावशीने घर भाचीला दिले होते. कागद नाद्याच्या नावावर होते. व्यवस्थापनशास्त्राच्या डॉक्टरांना दोन महिन्यांत हे एकदाही सुचले नव्हते.

"मी सही करणारच नव्हते," नाद्या म्हणाली.

"मग इतका वेळ मला बोलू का दिलंस?"

"आधी रडू येत होतं म्हणून. आणि नंतर, किंमत कुठवर चढते ते बघत होते." तिने शेवटचा ग्लास कपाटात ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर पुसायचे फडके टाकले. "आणि तू कुठवर टिकतोस तेही. ऊठ आता, युस्तिनाबाईंनी तासाभरात बोलावलंय."