मार्टिनरावांचे धोंडे

मार्टिनने ठरवलं, की काही झालं तरी शनिवारी आपण घर सोडायचं नाही.

ठरवलं एवढंच. त्यात कुणाला दुखवायचा हेतू नव्हता, की कसली चळवळ उभारायची नव्हती. पण मखमलाबादला भिमाजींच्या घरात जावयाने काही ठरवणं हीच मुळात नवीन गोष्ट होती. जावयाने बसायचं असतं. (तेही खुर्चीवर. सतरंजीवर बसलेला दिसला तर सासूबाईंना घास गोड लागत नाही.)

मार्टिन झेक देशातला, तिथल्या द्राक्षमळ्यांच्या एका गावचा. भिमाजींची थोरली तेजस्विनी मातीचा अभ्यास करायला तिकडे गेली होती. येताना पदवी आणि मार्टिन दोन्ही घेऊन आली. तिला नाशिकला कॉलेजात नोकरी लागली. त्याचं काम काय, कॉम्प्युटर मांडीवर घेतला की सुरू. तेव्हा दोघांपैकी ज्याला उचलून आणणं सोपं, त्याला उचललं. लग्न झालं की मुलीने सासरी जायचं असा आपला रिवाज. इथे मुलगाच बॅगा भरून, आईच्या गळ्यात पडून रडून, सासरी नांदायला आला.

आता 'घरजावई' हा शब्द आपल्याकडे कसा उच्चारतात ते मी सांगायला नको. अर्धं तोंड वाकडं केल्याशिवाय तो बाहेरच पडत नाही. भिमाजींची बायको मंगलाबाई हिला त्याचाच धसका होता. लोक म्हणतील, मुलगा नाही म्हणून परदेशातून फुकटचा गडी आणला. तेव्हा तिने पहिल्या दिवशीच मनाशी गाठ बांधली, की या माणसाला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही.

आणि तिने ते व्रत दीड वर्ष अखंड पाळलं. जेवून झाल्यावर मार्टिनने स्वतःचं ताट उचललं, तर ती "अहो, अहो" करत अशी धावली, की जणू त्याने घराला काडी लावली आहे. गॅसची टाकी आली तेव्हा त्याने हात घातला, तर सासऱ्यांनी पाठीत उसण भरलेली असतानाही ती त्याच्या हातून हिसकावून घेतली आणि पुढे आठवडाभर शेकत बसले. पहाटे भिमाजी झेंडू तोडायला वावरात जात. मार्टिन टोपलं घेऊन मागोमाग निघाला, की भिमाजी म्हणायचे, "पाव्हणं, तुम्ही कशाला? झोपा निवांत." पाव्हणं! दीड वर्ष एकाच घरात राहणाऱ्या माणसाला रोज सकाळी पाहुणा म्हणायचं आणि वर निवांत झोपायला सांगायचं.

त्याच्या गावाकडची रीत उलटी. तिथे मुलीने मुलगा घरी आणला, की सासरा त्याच्या हातात फावडं देतो. फावडं मिळालं की मुलगा पसंत. खुर्ची दिली, कॉफी विचारली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, तर पोराने ओळखावं की आपलं काही खरं नाही. मार्टिनला मखमलाबादेत दीड वर्ष खुर्ची मिळत होती. वरून चहा. रात्री अंथरुणावर तो तेजस्विनीला विचारायचा, "मी यांना आवडत नाही का?"

"अरे, तू लाडका आहेस त्यांचा."

"मग काम का देत नाहीत?"

यावर तेजस्विनी कूस बदलायची.

अशात अधिक महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणारा हा महिना म्हणजे आपल्याकडे जावयांचा हंगाम. लेक-जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, नवे कपडे करायचे आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून, नको नको म्हणेपर्यंत आणि म्हटल्यावरही, खाऊ घालायचे. मंगलाबाईने रविवार धरला. धाकटी पल्लवी आणि तिचा नवरा देवळ्याहून येणार होते. आळीतली, भावकीतली माणसं सांगून झाली. मग तिच्या लक्षात आलं, की थोरल्या जावयाला बोलवायचं राहिलं. आणि पाठोपाठ लक्षात आलं, की त्याला बोलवताच येत नाही.

"आवतन द्यायचं तर माणूस घराबाहेर पायजे ना," ती तेजस्विनीला म्हणाली. (जावयाशी ती थेट बोलत नसे, तो समोर बसला असला तरी.) "घरातल्याला घरात कसं बोलवू? तुम्ही दोघं शनिवारी तुझ्या मामाकडं सिडकोत जा. रविवारी सकाळी नवी कापडं घालून या. मी दारात ओवाळते, पाय धुते, मग पाटावर बसा."

तेजस्विनीला यात काही वावगं वाटलं नाही. मामाकडे एसी होता.

मार्टिनने मात्र ताटावरची मान वर केली. त्याचं मराठी पुस्तकातून शिकलेलं, इस्त्री केलेलं. "मी येथे राहतो," तो म्हणाला. "राहणाऱ्याला येण्याची आवश्यकता नसते."

"अरे, एका रात्रीचा तर प्रश्न आहे," तेजस्विनी म्हणाली.

"एकदा देश सोडला," मार्टिन म्हणाला. "आई सोडली, कुत्रा सोडला, बर्फ सोडला. मी काहीही बोललो नाही. आता हे घरही सोडायचे? कशासाठी, तर पाहुणा होण्यासाठी? नाही. मी जाणार नाही."

तेजस्विनीने त्याला आणखी एक पोळी वाढली.

मंगलाबाईने अबोला धरला. पण जावयाशी अबोला धरायची पंचाईत अशी, की आदर कमी करून चालत नाही. उलट वाढवावा लागतो. तेव्हा त्या दोन दिवसांत मार्टिनला दुप्पट चहा, खुर्चीवर उशी, आणि वर टेबलफॅन असा छळ सोसावा लागला. "जावईबापूंना विचार गं, अजून साखर पायजे का," असं ती त्याच्या कानाजवळून तेजस्विनीला ओरडून विचारायची. शेवटी भिमाजींनी तडजोड मांडली.

"पाव्हणं, असं करू. मागच्या दारानं निघा, झेंडूच्या वावराला एक वळसा घाला आन् पुढच्या दारानं या. तुमचंबी राहिलं, तिचंबी राहिलं."

"वळसाही नाही," मार्टिन म्हणाला.

"आवो, कोथिंबिरीच्या वाफ्यापर्यंत तरी?"

"एक पाऊलही नाही."

"लोक काय म्हणतील?" मंगलाबाई आतून म्हणाली. "धाकट्याचे पाय धुतले आन् थोरला तसाच बसवला. म्हणतील, आधी घरजावई केला, आता त्याची किंमतबी गेली."

शनिवार गेला. मार्टिन जागचा हलला नाही. खबरदारी म्हणून तो दूध आणायलाही फाटकाबाहेर पडला नाही. (न जाणो, परत येताना कुणी पाय धुतले तर!)

रविवारी पहाटेपासून स्वयंपाकघरात धामधूम. हरभऱ्याची डाळ शिजली, तिच्यावरचं पाणी निथळून मोठ्या पातेल्यात काढलं, डाळीचं गूळ घालून पुरण झालं. इतक्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला आणि घरातलं झाडून सगळं माणूस बाहेर पळालं. ललितराव आले होते.

ललितराव हे देवळ्याचे कांद्याचे व्यापारी आणि जन्मजात जावई. पांढरा सदरा, काळा गॉगल, पोटावर दोन्ही हात. सासुरवाडीच्या उंबऱ्यावर आले की त्यांना स्वतःची चप्पलसुद्धा काढता येत नाही. मंगलाबाई त्यांचे पाय धुवायला बसली, भावकी कौतुकाने पाहायला उभी राहिली.

आणि मार्टिनला दीड वर्षात पहिल्यांदाच रिकामं स्वयंपाकघर सापडलं.

त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग मोरीकडे. मोरीत भांड्यांचा ढीग. त्याचे हात शिवशिवले. बाह्या वर करून तो असा भिडला, की खरकट्याला पळायला वाट राहिली नाही. कुकर घासला, कढई घासली, झारे घासले. मग ओट्यावर ते मोठं पातेलं दिसलं. आत पिवळसर, गढूळ, तळाशी गाळ बसलेलं पाणी. काहीतरी धुतलेलं असणार. पण माणूस शेतकऱ्याच्या घरात नांदत होता. पाण्याची किंमत त्याला कळत होती. त्याने ते मोरीत ओतलं नाही. दोन्ही हातांनी उचलून परसात नेलं, लिंबाच्या आळ्यात हळूहळू, मुळांना चटका बसणार नाही अशा बेताने सोडलं, आणि पातेलं घासून आरशासारखं लख्ख करून ओट्यावर उपडं घातलं.

ओवाळणं आटपून मंगलाबाई आमटीला फोडणी द्यायला आत आली.

"हितलं पातेलं कुठंय?"

"धुतले," मार्टिन म्हणाला. बक्षीस जाहीर व्हायची वाट पाहणाऱ्या मुलासारखा तो उभा होता.

"आन् त्यातलं...?"

"ते खराब पाणी होते. पण मी वाया घालवले नाही. लिंबाला घातले."

पुरणाच्या डाळीवरचं ते पाणी म्हणजे कट. कटाशिवाय आमटी नाही, आमटीशिवाय पुरणाचं जेवण नाही, आणि ओसरीवर पंगत बसायची वेळ झालेली. मंगलाबाईने एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा परसाकडे, आणि दीड वर्षाचं व्रत एका क्षणात मोडलं.

"अरे मुडद्या! कट ओतला? साऱ्या पंगतीची आमटी लिंबाला पाजली? डोळे हायत का सदऱ्याची बटणं? दीड वरीस या घरात आमटी भुरकतोय, वाटीवर वाटी मागून घेतोय, ती कशाची करत्यात हे एकदा इचारायची बुद्धी नाय झाली? हात लावू नको, लावू नको म्हणते, तर उकरून हात लावतो! नुसता ताडमाड वाढला गाढव!"

आवाज ओसरीवर गेला. पल्लवी तबक घेऊन दारातच थिजली. ललितरावांनी गॉगल कपाळावर चढवला आणि ते आत डोकावले.

"मामी, आवो, काय बोलताय? जावई हाय तो!"

मंगलाबाईने जीभ चावली. पदर तोंडाशी गेला. जावयाला मुडदा म्हटलं, तेही धोंड्याच्या महिन्यात, भावकीच्या देखत! डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आता हा बॅग भरणार, विमानात बसणार, लेकीचा संसार मोडणार, आणि सगळं मखमलाबाद म्हणणार, की आमटीपायी मोडला.

मार्टिन हसत होता. गालातल्या गालात नव्हे, चांगला कानापर्यंत. दीड वर्षात त्याला या घरात बायकोशिवाय कुणी 'अरे' म्हटलं नव्हतं, आणि आज 'अरे'च्या मागोमाग एवढी भरगच्च वरात आली होती. त्याच्या आईनेसुद्धा त्याला इतकं मनापासून झापल्याला वर्षं झाली होती.

"आई," तो म्हणाला. "पुन्हा म्हणा."

"काय म्हणू, डोंबल?"

"हेच."

मंगलाबाईने पदराने खसकन डोळे पुसले. "दात काय काढतो? लसूण सोल. आन् तेजे, ते पुरण आण हिकडं. कट गेला तर गेला, पुरणच कालवते आमटीत. धोंडे कमी पडले तर पडले, पण पंगतीला आमटी पायजे."

त्या तासाभरात मार्टिनने लसूण सोलला, खोबरं किसलं, दोनदा बोट किसलं, पाण्याच्या घागरी भरल्या, तीन शिव्या खाल्ल्या आणि एकदाही 'अहो' ऐकलं नाही. घाम नाकावरून ओघळत होता आणि तो आपल्याच भाषेत काहीतरी गुणगुणत होता.

पाट मांडले, रांगोळ्या काढल्या. ललितराव पल्लवीसह स्थानापन्न झाले. शेजारच्या पाटावर तेजस्विनी बसली. तिच्याशेजारची जागा रिकामी.

"पाव्हणं, या," भिमाजींनी शेवटचा प्रयत्न केला.

"पाहुणे ते," मार्टिन म्हणाला. खांद्यावर पंचा, हातात आमटीची बादली. "मी वाढणार."

पंगतीत कुजबुज सुरू झाली. शेवटी शेजारच्या सुवर्णाकाकूला राहवलं नाही. "काय बाई मंगल, थोरल्या जावयाला वाढायला लावलं?"

याच प्रश्नाला मंगलाबाई दीड वर्ष घाबरत आली होती. रात्र रात्र तिने त्याची उत्तरं जुळवली होती. आता तो समोर आला, तर तिला त्यातलं एकही आठवलं नाही. तिने कमरेवर हात ठेवला.

"कोण जावई?" ती म्हणाली. "तो घरातला हाय. आन् ज्याला बघवत नसंल त्यानं खाली मान घालून जेवावं. तुला काय पायजे सांग, तूप का आमटी?"

सुवर्णाकाकूने तूप मागितलं. मार्टिन बादली घेऊन दुसऱ्या ओळीत गेला आणि जरा वेळ तिकडेच तोंड करून उभा राहिला.

ललितराव जेवले आणि जेवतच राहिले. पंगती उठल्या, माणसं पानसुपारी घेऊन गेली. मग रिवाजाप्रमाणे घरातली माणसं शेवटी स्वयंपाकघरात बसली. मार्टिनच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. तो मांडी घालून, फरशीवर, सासूच्या शेजारी बसला. पानात भात पडला, कुरडई पडली. धोंड्यांचं भांडं पुढे आलं. त्यात नुसतं तूप होतं.

"आई, धोंडा?"

"संपले," मंगलाबाई म्हणाली. "धोंडे जावयाला असतात."

मार्टिनने तेजस्विनीकडे पाहिलं. पाटावर बसून यथास्थित जेवलेली ती म्हणाली, "फार छान झाले होते रे."

मंगलाबाईने पळी उचलली आणि त्याच्या भातावर दोन पळ्या आमटी ओतली.

"तुझ्या वाटचे धोंडे ह्यात हायत," ती म्हणाली. "जेव गुमान. आन् उठल्यावर भांडी घास. पण ओतायच्या आधी मला दाखव."