सिंहासनाची फटफटी

"यंदाच्या मंडईले निर्मला कोंढ्याले जाईन ते माह्या फटफटीवर! अन् अशातशा फटफटीवर नाही, कस्टम फटफटीवर!"

पुंडलिकरावनं चिचखेडीच्या चौकात, पानठेल्याच्या बाकड्यावर उभं राहून हे जाहीर केलं. चौकातल्या प्रत्येकानं हातातलं काम खाली ठेवलं अन् हसून घेतलं. एक म्हैसबी हसली म्हणतेत. म्हैस खोटं कायले हसन?

हसाले कारण होतं. ती फटफटी चाळीस वर्षांपासून ढोरांच्या कोठ्यात उभी होती. सासऱ्यानं लग्नात दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईले नवराबायको तिच्यावर बसून कोंढ्याले निघाले. कोंढा म्हणजे निर्मलाबाईचं माहेर, नऊ किलोमीटर. दिवाळी झाली का आपल्याकडे गावोगावी मंडई भरते, दिवसा दंडारीचं नाचगाणं, रात्री नाटक, लेकीबाया माहेरी. असा आनंदाचा दिवस! अन् दोन किलोमीटरवर फटफटीनं एक उचकी दिली अन् झोपली.

उरलेले सात किलोमीटर नव्या नवरीनं ती ढकलली. हिरव्या शालूत! पुंडलिकराव वर बसून होता. काहून? तर म्हणे, "हँडल कोणीतरी धराले पाहिजे ना!"

माहेरच्या दारात पोहोचल्यावर निर्मलाबाईनं पदरानं तोंड पुसलं अन् साऱ्या मंडईदेखत शपथ घेतली. "आजपासून ह्या माणसाच्या मागं बसून ह्याची पाठ मी पाहाची नाही! कधीच नाही!"

तिचा भाऊ केशवराव इतका हसला का त्याले दोघायनं धरून विहिरीपासून दूर न्या लागलं. तेव्हापासून दर मंडईले पाहुणे निघाले का केशवराव बहिणीले लुगडं देई, नारळ देई, अन् जवायाच्या हातात एक नवाकोरा दोर देई.

"राहू द्या जवाईबापू. फटफटी वढाले कामी पडते!"

चाळीस वर्षं, चाळीस दोर! चिचखेडीत ज्याच्या ज्याच्या घरी म्हैस आहे, तिच्या गळ्यात पुंडलिकरावची बेइज्जती लटकून आहे.

आता पुंडलिकराव पासष्टीले आला. गुडघे करकर वाजाले लागले. एक दिवस कोठ्यात शेण काढता काढता त्याले वाटलं, एकदा तरी. मराच्या आधी एकदा तरी बायकोले फटफटीवर बसवून तिच्या माहेराच्या दारात उतरवलं पाहिजे. न ढकलता.

त्याची पोरगी दामिनी साकोलीले गॅरेजात मेकॅनिक. आयटीआय केलेली, हात असा का बोलट तिले पाहूनच ढिले होतेत. ती दिवाळीले आली, कोठ्यात शिरली, अन् तोंडाले रुमाल बांधून बाहेर आली.

"बाबा, ही फटफटी नाही, ही धर्मशाळा आहे."

खोटं नव्हतं. हेडलाइटात कोंबडी अंड्यावर बसली होती. सायलेन्सरातून उंदरायच्या सात पिढ्या निघाल्या. सगळ्यात म्हातारा उंदीर काठी टेकत सगळ्यात शेवटी निघाला, अन् दामिनीकडे असा पाहे जसा तिनं त्याचं घर जप्त केलं!

पण पोरगी हटली नाही. इंजन सोडवलं, घासलं, नवे रिंग टाकले. पुंडलिकराव मोबाइलात पाहून पाहून कस्टम सांगे. हँडल बैलाच्या शिंगासारखं वर. हेडलाइटच्या भोवती घरची पितळी परात, चिंचेनं घासून अशी लखलख का दिवसा डोळे दिपतीन. टाकीवर नागझिऱ्याचा वाघ पाहिजे म्हणून नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कैलाशले बलावलं. त्यानं वाघ काढला. वाघ चांगलाच होता, फक्त पोट बिघडलेल्या मांजरीसारखा दिसे.

सारं झालं. पण मोठा घोळ राहिलाच होता. निर्मलाबाई दारात उभी राहून म्हणाली, "शपथ म्हणजे शपथ. तुमची पाठ मी पाहाची नाही."

पुंडलिकरावनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तो कैलाशच्या घरून नाटक कंपनीचं जुनं सिंहासन घेऊन आला! लाल मखमल, सोनेरी रंग, दोन्ही हातावर मोर. एका मोराले चोच नव्हती, पण रुबाब होता. ते सिंहासन त्यानं फटफटीच्या मागच्या भागावर बोलट मारून बसवलं. उलटं! तोंड मागं, पाठ त्याच्या पाठीले.

"आता पाहा वो! तू तिकडं पाहाशीन, मी इकडं. शपथ जागेवर, तू बी जागेवर!"

निर्मलाबाईनं सिंहासनाले एक फेरा मारला. बसून पाहिलं. "हूं. बसाले बरं आहे," म्हणाली, अन् पुढचे चार दिवस आंगणात त्याच्यावरच बसून वालाच्या शेंगा सोलल्या.

दामिनीची सुटी संपली. जाता जाता तिनं बापाले बजावलं. "बाबा, टायमिंग बसवाची राहिली आहे. मंडईच्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं येईन. तोपर्यंत इंजनले हात लावाचा नाही!"

पुंडलिकरावनं हात नाही लावला. पेचकस लावला, एकच स्क्रू पिळाले.

मंडईचा दिवस उजाडला. दामिनीचा फोन आला का तिची एसटी वाटेत पंक्चर आहे. तो ठेवते न ठेवते तर केशवरावचा फोन!

"जवाईबापू, बैलबंडी जुंपून ठेवली आहे. पाठवू का? अन् दोर बी तेल लावून तयार आहे!"

आता याच्यावर कोण थांबन? पुंडलिकरावनं धोतराचा काचा मारला अन् किक मारली. एक. दहा. पन्नास. सत्तराव्या किकनं त्याले उचलून धानाच्या तनसाच्या ढिगावर टाकलं. तो तनसातून निघाला अन् पुन्हा मारली. जनाबाई शेजारीण कुंपणावरून मोजत होती, म्हणून आकडा पक्का आहे. एकशे चौदावी किक उलटी बसली, अन्... धड! धड! धडधडधड!

झाडावरचे कावळे उडाले. पुंडलिकरावच्या डोळ्यात पाणी आलं. धुरानं पण असन. निर्मलाबाई नवं लुगडं नेसून, मांडीवर करंज्यायचा डब्बा घेऊन सिंहासनावर बसली. पुंडलिकरावनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

अन् फटफटी सुसाट मागं गेली! जनाबाईच्या कुंपणातून, तिच्या वाळत टाकलेल्या गोधड्यातून, थेट तिच्या तुळशीच्या ओट्यापुढं जाऊन थांबली.

"अवो, मागं कायले जाऊन राहिले?"

"मी समोरचाच गिअर टाकला वो!"

त्यानं दुसरा टाकून पाहिला. ती आणखी जोरात मागं! न्यूट्रल करून त्यानं दामिनीले फोन लावला.

"बाबा, तुम्ही पेचकस लावला ना?"

"थोडासाच."

"टू-स्ट्रोक इंजन आहे ते! टायमिंग चुकली अन् किक उलटी बसली का इंजनच उलटं फिरते. मंग सारेच गिअर उलटे पडतेत. बंद करा. मी येऊन करून देईन."

"बंद केली तर पुन्हा चालू होईन का?"

"काही सांगता येत नाही."

पुंडलिकरावनं धडधडणाऱ्या इंजनकडे पाहिलं. एकशे चौदा किका. तेल लावलेला दोर. चाळीस वर्षं. त्याच्यानं बंद कराले हातच उचलेना. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"मी काय म्हणते, मले तर रस्ता समोर दिसून राहिला."

जनाबाई गोधड्या गोळा करता करता थांबली.

"तुम्ही फक्त गिअर टाका," निर्मलाबाईनं डब्बा सावरला. "बाकी मी पाहून घेईन."

अन् निघाली सवारी! सिंहासन समोर, नवरा मागं. पुंडलिकरावनं मान वळवली जितकी वळते तितकी, अन् मंग आणखी थोडी.

"उजवीकडे घ्या!"

घेतली.

"अवो, माह्या उजवीकडे! तुमच्या नाही!"

फटफटी बोडीच्या काठावर गेली. तलावातल्या बदकायनं आपसात जागा करून दिली. तवा दोघायनं ठरवलं, डावं-उजवं बंद. रस्त्याच्या एका अंगाले बोडी, दुसऱ्या अंगाले धानाच्या बांध्या. "बोडीच्या अंगानं!" म्हटलं का तिकडं, "बांधीच्या अंगानं!" म्हटलं का इकडं. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं एकमत पहिल्यांदा झालं.

पहिल्याच फाट्यावर लोकायनं पाहिलं. परातीची लखलख, टाकीवर आजारी वाघ, अन् सिंहासनावर बसून येऊन राहिली एक बाई! मंडईचे दिवस. लोकायले वाटलं, नाटक कंपनीची जाहिरात आहे.

"कोणतं नाटक आहे जी?"

निर्मलाबाईनं एक घडी विचार केला. मंग मोराच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "कोंढ्याले या, समजन!"

"हिरोइन कोण आहे?"

"मीच!"

"अन् तो उलटा बसलेला?"

"तो विनोदी पार्टात आहे!"

मंग काय पाहता! सायकली मागं लागल्या. ट्रॅक्टर लागले. एका गावची दंडार पार्टी ढोलक्यासकट ट्रॉलीत चढली. पुंडलिकरावले आपण जिथून आलो तेवढंच दिसे, अन् तिथून साऱ्या तालुक्याची गर्दी त्याच्या तोंडावर येऊन राहिली होती!

मोठ्या रस्त्यावर पोलीस उभा होता. त्यानं शिट्टी मारली.

"बाई, लायसन?"

"चालवणारे तिकडं आहेत."

तो फटफटीले फेरा मारून पुंडलिकरावकडे गेला. "कुठं निघाले?"

"कोंढ्याले."

"कोंढा तर तुमच्या मागं राहिला!"

"म्हणूनच तर मागं चाललो साहेब!"

पोलिसानं टोपी काढली. डोकं खाजवलं. कोणत्या कलमात बसवाचं याचा लगीत विचार केला. मंग टोपी घातली अन् म्हणाला, "जा बाप्पा. पण हळू मागं जा."

इकडे कोंढ्यात केशवराव दारात उभा होता. बंडी जुंपलेली, हातात एक्केचाळिसावा दोर. साऱ्या पाहुण्यायले त्यानं सांगून ठेवलं होतं, या, जवाईबापू ढकलत येतीन, पाहाले या!

ढोलक्या वाजल्या. वळणावरून आधी बहीण आली. सिंहासनावर ताठ बसून, मांडीवर डब्बा, एक हात मोरावर. तिच्यामागं जवाई, मान मुरगळून. त्याच्यामागं तीन गावची माणसं.

"थांबा," निर्मलाबाई म्हणाली. "आलं."

"पोहोचलो?"

"पोहोचलो. दारात."

पुंडलिकरावनं फटफटी बंद केली. अन् तेव्हा त्याच्या ध्यानात आलं! ज्या केशवरावचं तोंड पाहाले त्यानं चाळीस वर्षं वाट पाहिली, ते तोंड नेमकं त्याच्या पाठीमागं होतं, अन् मान तर आता एका बाजूले अटकली होती.

"निर्मला, कसं दिसते वो केशवभाऊचं तोंड?"

"उघडं आहे."

"किती?"

"करंजी बसन तितकं." अन् तिनं खाली उतरून भावाच्या तोंडात करंजी बसवली.

पण तीनशे माणूस नाटक पाहाले आला होता. तो कसा जाईन? "नाटक! नाटक!" सुरू झालं. मंडईच्या दिवशी दारात आलेल्याले चहा पाजल्याबिगर वापस पाठवता येत नाही. केशवराव संध्याकाळपर्यंत चहाच गाळत होता. साखर संपली, कप संपले, गर्दी आंगणात घुसाले लागली, तवा आडवं काय बांधाचं म्हणून त्यानं हातातलाच दोर बांधला. तेल लावलेला!

दामिनी आली. बापाच्या खिशातला पेचकस पाहून त्याच्याकडे पाहिलं, बापानं दुसरीकडे पाहिलं. तसं पण त्याले दुसरीकडेच पाहता येत होतं. दहा मिनिटात तिनं टायमिंग बसवली.

दुसऱ्या दिवशी निघाच्या टायमाले केशवरावनं बहिणीले लुगडं दिलं, नारळ दिला, अन् जवायासमोर रिकामे हात जोडले.

"हरलो जवाईबापू. आजपासून दोर बंद."

पुंडलिकरावची छाती अशी फुगली का सदऱ्याचं एक बटन उडून केशवरावच्या चहात पडलं. मान अजून अटकलेली, म्हणून फटफटी दामिनीनं घेतली. पुंडलिकराव मधात, निर्मलाबाई सिंहासनावर. एका किकमध्ये चालू! अन् सरळ समोर! निर्मलाबाईले माहेर लहान लहान होताना दिसत होतं. दारातला भाऊ हात हालवत होता. तिनं बी हात हालवला, वळण येईपर्यंत.

दोन किलोमीटर झाले. फटफटीनं एक उचकी दिली अन् झोपली.

दामिनीनं टाकीत डोकावून पाहिलं. "बाबा, पेट्रोल?"

"टायमिंग तू पाहिली. मंग पेट्रोल बी तूच पाहाचं ना?"

"मले वाटलं तुम्ही भरलं."

दोघंही सिंहासनाकडे पाहाले लागले. निर्मलाबाई हललीच नाही. पाय उलट आणखी वर घेतले.

"मी माह्या वाटची ढकलून बसली आहे. त्यालेबी चाळीस वर्षं झाली."

"दामिनी, तू तरी उतर वो," पुंडलिकराव म्हणाला.

"बाबा, हँडल कोणीतरी धराले पाहिजे ना!"

मंग काय! पुंडलिकराव मागं गेला, वाकला अन् सिंहासनाले हात लावला. जोर लागला तशी मान सुटली, अन् त्याले दिसलं का बायको आता बरोबर त्याच्या समोर आहे. ना तिले त्याची पाठ, ना त्याले तिची. चाळीस वर्षात अशी तोंडासमोर सवारी कधी झालीच नव्हती.

"करंजी खाता?" तिनं विचारलं.

"हात कुठं रिकामा आहे?"

तिनंच भरवली. शंभर पावलं अशी मजेत गेली. मंग चढ लागला, पुंडलिकरावचे गुडघे करकरले, अन् निर्मलाबाईनं कमरेतून मोबाइल काढला.

"हालो, दादा? बंडी अजून जुंपलेली आहे का? मंग असं कर, आंगणात जो आडवा बांधला आहे ना, तो सोडून घेऊन ये."