कपाटावरचा सत्त्वगुण

सासरेबुवांनी चार प्रवचनं ऐकली आणि घरातल्या माणसांची वाटणी करून टाकली. स्वतः सात्त्विक. फिरतीची नोकरी करणारा मुलगा राजस. आणि दवाखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोपणारी नर्स सूनबाई, अर्थातच, तामसी. सत्त्व म्हणजे उजेड, असं सांगत त्यांनी तिच्या खोलीचा पडदा काढला आणि खिडकी सताड उघडली.

सूनबाई ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिने तोच पडदा तोंडावर ओढून पाठ फिरवली. आज तिला झोप हवीच होती. काल पेंगता पेंगता एकाचं औषध तिने दुसऱ्याच्या खाटेपाशी नेलं होतं, आणि ते अगदी शेवटच्या क्षणी तिच्या लक्षात आलं होतं.

उजेडाबरोबर खिडकीतून एक कबूतर आत आलं आणि खिडकीलगतच्या कपाटावर जाऊन बसलं. सासरे झाडू घेऊन स्टुलावर चढले, तिथून कपाटावर. कबूतर आल्या वाटेने निघून गेलं. त्यांचा पाय लागून स्टूल मात्र आडवं झालं आणि मोडलं.

"सूनबाई, ऊठ."

"उठणार नाही."

"अगं, मी कपाटावर अडकलोय."

"बाबा, तिन्ही गुणांच्या पलीकडे गेलेला माणूस कसा असतो म्हणालात?"

विषय निघाल्याचं सासऱ्यांना अशाही स्थितीत बरं वाटलं. "काहीही होवो, तो जागचा हलत नाही. तोच आतून मोकळा."

"मग झाले मी मोकळी."

"हा शुद्ध आळस आहे. तमोगुण."

ती उठून बसली. "रात्रभर माणसं कण्हत असतात आणि मी त्यांच्या उशाशी जागी असते. तेव्हा माझा गुण कोणता, ते बघायला कुणी येत नाही. आता मला सात्त्विक म्हणा नाहीतर तामसी म्हणा, मी झोपणार. तुमच्या परवानगीने नाही, माझ्या मर्जीने."

सासऱ्यांनी मान खाली घातली. डोकं छताला टेकत असल्याने दुसरा इलाजही नव्हता.

"पडदा दे इकडे," शेवटी ते म्हणाले.

तिने तो वर फेकला. पडद्याची दांडी तिथून हाताशीच होती. त्यांनी खिडकी ओढून घेतली, पडदा नीट लावला, खोलीत काळोख झाला. "आता शेजारून शिडी आण," असं ते म्हणेपर्यंत सूनबाई घोरू लागली होती. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

संध्याकाळी मुलगा घरी आला. खोलीत शिरून त्याने दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावशील तर याद राख," कपाटावरून दबका आवाज आला. "पोरगी झोपलीय."