काहीही बदललं तरी चालणारी वडी

माणसाच्या घरात आजवर जी संकटं आली, त्यातली निम्मीअधिक 'अगदी सोपं आहे हो' या वाक्याने आली आहेत. (उरलेली 'मी आहे ना' या वाक्याने.)

शेजारच्या शिंपीणबाईंनी वहिनीला जॅमची वडी शिकवली ती याच वाक्याने. मैदा, लोणी, साखर, अंडी कालवायची, ट्रेमध्ये थापायची, वर जॅम फासायचा, ओव्हनमध्ये भाजायची, कापायची. "आणि यात काहीही बदललं तरी चालतं," असं त्या जाता जाता म्हणाल्या. बाई मनाने चांगल्या आहेत, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

वहिनी म्हणजे त्या घरातली थोरली सून. दीर-नणंद तिला वहिनी म्हणत; हल्ली नवराही चुकून म्हणे. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तिच्या हातचं कुणी कधी टाकलं नव्हतं. पण पानात पडलेलं निमूट संपवून उठायचं, अशी त्या घराची शिस्त असल्यामुळे 'अजून दे' असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं. एकदा तरी कुणीतरी म्हणावं, असं तिला फार वाटे. इच्छा लहान होती, पण तिची स्वतःची होती, आणि त्या घरात तिचं स्वतःचं असं फारसं काही नव्हतं.

आता शहाण्या बाईने गुपचूप वडी करून समोर ठेवली असती. वहिनीने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत जाहीर केलं, "यात काहीही बदललं तरी चालतं म्हणे."

हरकती व सूचना मागवण्यात आल्या नव्हत्या. त्या आपणहून आल्या.

सासूबाई म्हणाल्या, अंडं नको गं बाई, वास मारतो, केळं घाल. बँकेतल्या नणंदेने मैद्याविषयी अलीकडेच काहीतरी वाचलं होतं आणि ते तिने सगळ्यांना ऐकवलं. मैद्याच्या जागी ओट्स आले. धाकटा दीर व्यायामशाळेत जाऊ लागल्यापासून लोण्याचं नाव काढलं तरी पोट आत घेई. लोण्याच्या जागी दही आलं. नवरा म्हणाला, "माझं काही नाही बुवा, मला काहीही चालतं. फक्त गोड नको."

गोड वडीतून गोड वजा झाल्यावर जॅमला राहण्याचं काही कारण उरलं नाही. त्याच्या जागी किसलेलं गाजर नेमण्यात आलं.

दुसऱ्या फेरीत केळ्याने कफ होतो असं निघालं (हे केळं सुचवणाऱ्या सासूबाईंच्याच लक्षात आलं), आणि दही दिराला सोसत नाही असंही. दोघांच्या जागी पाणी घ्यायचं ठरलं, कारण पाण्याला कुणाचीच हरकत नव्हती. मूळ कृतीतला ट्रे तेवढा कायम राहिला.

वडी झाली. सुरी लागेना. दिराने आरी आणण्याची तयारी दाखवली, पण टेबल नवीन असल्याने ती सूचना फेटाळण्यात आली. शेवटी हाताने मोडून एकेक तुकडा सगळ्यांनी घेतला आणि शिस्तीप्रमाणे संपवला. "छान झालीये हं," असा ठराव एकमताने मंजूर झाला. नवरा म्हणाला, "पौष्टिक आहे." स्थळ सांगून आल्यावर 'मुलगा स्वभावाने चांगला आहे' म्हणतात ना, अगदी त्या सुरात.

मग मात्र वहिनीचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी कामावर आणि सासूबाई आडव्या झालेल्या पाहून तिने मैदा, लोणी, साखर, अंडी सगळं जसंच्या तसं घेतलं, जॅमची अख्खी बाटली रिकामी केली, आणि कुणाच्या बापाला न विचारता वडी भाजली. वास घरभर सुटला. सासूबाई उठून आल्या. केराच्या बादलीत अंड्याची टरफलं त्यांना दिसली. त्यांनी त्यांवर वर्तमानपत्राचा बोळा टाकला आणि खुर्ची ओढून बसल्या.

संध्याकाळी बाकीचे आले, तेही बसले. काय घातलंस, असं कुणी विचारलं नाही. गोड नको असलेला नवरा बोटाला लागलेला जॅम चाटत होता. आणि दिराने बशी पुढे केली. "वहिनी, अजून एक दे ना."

वहिनीला एकदम भरून आलं. तिने एकाऐवजी दोन वाढल्या.

"बघ," नणंद तोंडातला घास आवरत म्हणाली, "आम्ही सांगितलेले बदल केलेस, तेव्हा जमली!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनीही, आणि जरा जास्तच.

वहिनीने तोंड उघडलं, समोर आलेल्या चार रिकाम्या बशा बघितल्या, आणि म्हणाली, "हो ना, तुमच्यामुळेच."

ज्यांना ही वडी करायची असेल त्यांच्यासाठी: दोन वाट्या मैदा, वाटीभर लोणी, वाटीभर साखर, दोन अंडी, वर जॅम, कडा तांबूस होईस्तोवर भाजावी. यातलं काहीही बदलू नये.

आणि नाही, लोण्याऐवजी तेल चालणार नाही. तुम्ही अजून विचारलं नव्हतं, हे खरं. पण विचारणार होतात.