एकशे त्रेचाळीस क्रमांकाचा विद्यार्थी

विद्यार्थ्यांच्या आहारविहाराची पाहणी करावी, असे नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ठरवले. हेतू अगदीच निर्मळ नव्हता. (देवाला तो ठाऊक होता, पत्नीला सांगितला नव्हता.) वसतिगृहाला अधीक्षक हवा होता, आणि त्या जागेवर प्राध्यापक नऊ वर्षे डोळा ठेवून होते.

प्रत्येकाने सात दिवसांचे खाणे, झोप आणि चालणे छापील तक्त्यात नोंदवायचे होते. नाव नाही, केवळ छापलेला क्रमांक. मुलांना नमुना हवा, म्हणून प्राध्यापकांनी एक तक्ता स्वतः भरायला घेतला.

"नाश्ता : ताजी फळे," ते पुटपुटत लिहू लागले.

"कुणी खाल्ली?" पत्नीने विचारले.

"अगं, नमुना आहे हा."

"मग नमुना तरी खरा असू दे. रोज देवापुढे हात जोडता ना?"

हे वर्मी लागले. सातही दिवस त्यांनी खरे तेच लिहिले, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचा धीर न झाल्याने तक्ता मुलांकडून भरून आलेल्या तक्त्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी शिपायाने सारा गठ्ठा उचलून विद्यापीठाच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पोचता केला.

महिन्याने भरसभेत अहवाल वाचला गेला. कुलगुरू त्याच सभेत नव्या अधीक्षकाचे नाव जाहीर करणार होते. म्हणून प्राध्यापकांनी पत्नीलाही आणले होते.

"बाकीची मुलं सुधारतील," बाई म्हणाल्या. "माझा जीव टांगणीला लागलाय तो एकशे त्रेचाळीस क्रमांकापायी. दिवसाला अकरा कप चहा. भाजीच्या रकान्यात सातही दिवस रेघ. रविवारचं चालणं : पलंगापासून खुर्चीपर्यंत."

आपले दोष दुसऱ्याच्या तोंडून ऐकले, की माणसाला ते परक्याचे वाटतात. प्राध्यापक उठले.

"देह ही ईश्वराची ठेव आहे," ते कडाडले. "त्याची ही विटंबना! या मुलाला घरी कुणी विचारणारं आहे की नाही?"

तिसऱ्या रांगेत पत्नीने मान खाली घातली.

"त्याचा शेरा वाचते," बाई म्हणाल्या. "'डब्यातली बिस्किटे उभ्याउभ्याच संपवली, मात्र प्रत्येक बिस्किटापूर्वी प्रार्थना केली.'"

सभागृह खदखदून हसले. आता कुठे प्राध्यापकांना आपला तक्ता ओळखू आला. तक्त्यावर नाव नव्हते. गप्प बसले असते, तर जागा त्यांचीच होती. पण बावीस वर्षे सत्य शिकवलेल्या माणसाची जीभ अशा वेळी मालकाला विचारत नाही.

"तो विद्यार्थी मी आहे," ते म्हणाले.

साऱ्या माना त्यांच्याकडे वळल्या. ते हसण्याहून वाईट होते.

"सर, तुमच्या सचोटीपुढे मी नतमस्तक आहे," कुलगुरू हळूच म्हणाले. "पण तीनशे मुलं तुमच्या हवाली करायची म्हणजे..." पुढचे त्यांनी दयेपोटी गिळले.

अधीक्षकपद बाईंना मिळाले. रुजू होताच त्यांनी धोक्यातल्या विद्यार्थ्यांसाठी भोजनगृहात देखरेखीचे एक वेगळे टेबल मांडले. त्या टेबलासाठी प्राध्यापकांचेही प्रवेशपत्र घरी आले. त्यावर पालकाची सही लागत होती. पत्नीने ती निमूटपणे केली आणि अभिप्रायाच्या जागी वळणदार अक्षरात लिहिले :

'स्वभावाने गरीब आहे. घरी ऐकत नाही. आपण थोडे कडक राहावे.'